आखेनमधली दोन वर्षं आणि आपल्या गावची पाटी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'परदेशातील शिक्षण आणि युरोपचा प्रवास'. वेळ वीस मिनिटं. फोटो दाखव, असंही सांगितलं होतं. पण आयफेल टॉवर सगळ्यांनी पाहिलेला आहे, प्रत्यक्षात नसेल तर हिंदी सिनेमात. त्यामुळे फोटो आणलेले नाहीत.

मेळाव्याचं पत्रक निघाल्यापासून मला आठ-नऊ फोन आले. बहुतेक माझ्याहून मोठ्या बॅचच्या दादा-ताईंचे. सगळ्यांचा प्रश्न एकच. "आमचं पोरगं बारावीला आहे. जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणे. पाठवू का?" साताऱ्यात आता एजंटांची कार्यालयंही झाली आहेत. तेव्हा आधी त्या प्रश्नाचं उत्तर देते, मग प्रवासाचं बोलू.

मी २०११ ची दहावी. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या आखेन शहरात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले. तिथलं तांत्रिक विद्यापीठ, आर.डब्ल्यू.टी.एच., १८७० साली सुरू झालेलं सरकारी विद्यापीठ आहे. माझ्या अभ्यासक्रमाला शिकवणी फी नव्हती. दर सहा महिन्यांना साधारण अडीचशे युरो भरावे लागत, आणि त्यातच संपूर्ण राज्यभर फिरायचा रेल्वे-बसचा पास येई. इथपर्यंत 'फुकट' हा शब्द बरोबर आहे.

आता न सांगितली जाणारी बाजू. व्हिसासाठी एक वर्षाच्या जगण्याचा खर्च आधीच एका बंद खात्यात भरावा लागतो. माझ्या वेळी ती रक्कम ८,६४० युरो होती, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेसहा लाखांच्या आसपास. पैसे आपलेच असतात, पण महिन्याला ७२० युरोच हातात येतात. त्यातले तीनशे खोलीचे, नव्वद आरोग्यविम्याचे, उरलेल्यात पोट, वह्या आणि थंडीचे कपडे. बँकेनं कर्ज दिलं, मामा जामीन राहिले, आणि आईनं दोन पाटल्या काढून ठेवल्या होत्या. त्या मोडायची वेळ आली नाही, पण त्या कपाटात कुठल्या खणात आहेत हे मला आखेनमध्ये बसूनही ठाऊक होतं. आज तीच रक्कम ११,९०४ युरो आहे. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली प्रमाणपत्रं आधी एपीएस नावाच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात.

बारावीनंतर लगेच पदवीला जायचं असेल तर आणखी एक गोष्ट. आपली बारावी तिथं थेट प्रवेशाला सहसा पुरत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड तरी लागते, किंवा इथं पदवीचं एक वर्ष पूर्ण करावं लागतं, नाहीतर तिकडे पूर्वतयारीचं एक वर्ष काढावं लागतं. आणि पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत असतात. यावर एजंट म्हणतो, "काळजी करू नका, इंग्रजीत आहे, लगेच प्रवेश आहे." ते बऱ्याचदा खासगी संस्थेबद्दल असतं आणि तिथं फी भरपूर असते. माझं म्हणणं असं की एजंटाला एकच प्रश्न विचारा, ही संस्था सरकारी आहे की खासगी? उत्तर फिरवून आलं तर तिथून उठा. डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची यादी फीसकट आहे. ती मुलाला स्वतः वाचायला लावा. ज्याला ती यादी वाचायचा कंटाळा येतो, त्याला तिकडे एकट्यानं राहणं जड जाईल.

आणि नापास होण्याबद्दल कुणी बोलत नाही. तिथं एका विषयाची परीक्षा साधारण तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा गेला की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, आणि जर्मनीत दुसरीकडे तोच अभ्यासक्रम घेता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं असं झालं. हुशार मुलगा. पण हप्ते लवकर सुरू झाले म्हणून तो गोदामात रात्रपाळी करत होता आणि सकाळी परीक्षेला बसत होता. त्यानं घरी चार महिने सांगितलं नव्हतं. म्हणून पोराला पाठवा जरूर, पण कर्ज असं काढा की दुसऱ्या वर्षी त्याला फोनवर हप्त्याची आठवण करून द्यावी लागू नये.

आता वर्गाबद्दल. पहिल्या आठवड्यात तास संपला आणि आजूबाजूची सगळी मुलं मुठीनं बाकं वाजवायला लागली. आपल्याकडे बाकं वाजवली की काय होतं हे इथं बसलेल्या काही जणांना चांगलं आठवत असेल. तिथं ती शिक्षकांना दिलेली दाद असते, टाळ्यांऐवजी. गणिताच्या सरांना माझी विनंती आहे की याचा विचार व्हावा.

मला सगळ्यात नवी वाटली ती एक साधी गोष्ट. निकाल लागल्यावर ठरलेल्या दिवशी आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायला बोलावतात. 'आइनझिश्ट' म्हणतात त्याला, म्हणजे आत डोकावून पाहणं. एका खोलीत पेपर मांडलेले, बाजूला तपासणारे सहायक उभे. कुठं, किती गुण, का कापले, हे विचारायचं. आपल्या बोर्डातही अर्ज करून, पैसे भरून छायाप्रत मिळते, पण ती मागणारा म्हणजे तक्रार करणारा, असंच आपण धरतो. तिथं न मागता बोलावतात, आणि जो जात नाही त्याचंच नवल करतात.

मी गेले. एका प्रश्नाला आठपैकी तीन गुण होते. माझ्या मते उत्तर बरोबर होतं. तोंडातून शब्द निघायला वेळ लागला, कारण शिक्षकाला "माझ्या मते हे बरोबर आहे" असं म्हणायची सवयच नव्हती. त्या सहायकानं खुर्ची ओढली, कागद घेतला आणि दहा मिनिटं मला समजावलं की उत्तर बरोबर असलं तरी ते बरोबर का आहे, हे मी सिद्ध केलेलं नाही. गुण वाढले नाहीत. पण मी बाहेर आले ती रागावून नाही. पुढच्या सत्रांत एकही आइनझिश्ट मी चुकवली नाही.

इथं आमच्या इंग्रजीच्या बाई बसल्या आहेत. बाई, तुम्ही शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना प्रत्येकाला टेबलापाशी बोलावून लाल खूण दाखवायचात, आठवतं? साठ जणांचा वर्ग होता. तेव्हा आम्हाला ती शिक्षा वाटायची.

मराठी माध्यमाचा विषय निघालाच आहे तर सांगते. जर्मन शिकताना मराठी फार कामाला आली. इंग्रजीतून शिकलेले माझे मित्र तीन लिंगांना वैतागायचे. आपल्याला तो, ती, ते लहानपणापासून आहेत. वस्तूंची लिंगं जुळत नाहीत, ते वेगळं. त्यांचा सूर्य बाई आहे आणि चंद्र पुरुष. पण 'मुलगी' या अर्थाचा त्यांचा शब्द नपुंसकलिंगी आहे. त्यावर सगळे हसतात, मला हसू आलं नाही, कारण आपणही 'ते पोरगं' म्हणतोच. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्यासारखंच. आणि आकडे! एकवीस म्हणजे 'एक आणि वीस', बावीस म्हणजे 'दोन आणि वीस'. एकक आधी, दशक नंतर. फोन नंबर लिहून घेताना बाकीचे अडखळत, मी सरळ लिहायचे. आपल्याकडे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं आणि केवढा वाद झाला. त्याच वेळी मला कळलं की जर्मनीतही 'वीस-एक' म्हणायला मुभा द्या म्हणणारी एक संघटना आहे आणि तिथंही लोक तसेच तिच्यावर चिडतात.

आता प्रवास. आखेन जर्मनीच्या पश्चिम टोकाला आहे. शहराच्या बसनं नेदरलँड्समधल्या फाल्स गावात जाता येतं. तिथून टेकडीवर चढलं की एक दगड आहे, तिथं जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या सीमा मिळतात. टेकडी ३२२ मीटर. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवर यापेक्षा उंच जागा नाही, आपला अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून तिच्या तिप्पट. १९२० पर्यंत तिथं चौथीही सीमा होती. जस्ताच्या खाणीवर कुणाचा हक्क, हे ठरेना म्हणून मोरेस्ने नावाचा एवढासा तुकडा शंभर वर्षं कुणाच्याच ताब्यात दिलेला नव्हता. आता त्या दगडाभोवती मुलं गोल गोल पळतात आणि एका मिनिटात तीन देश फिरून येतात.

आम्हाला नववीत दोन्ही महायुद्धांचे नकाशे काढायला लागायचे. याच पट्ट्यावरून सैन्यं गेली. ऑक्टोबर १९४४ मध्ये दोस्तांच्या हाती पडलेलं पहिलं जर्मन शहर आखेनच. आणि ४१ वर्षांनी, १९८५ साली, तिथून फार लांब नसलेल्या लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी नदीतल्या बोटीवर बसून पाच देशांनी सीमेवरची तपासणी बंद करायचं ठरवलं. नकाशावरची रेघ तीच राहिली, फाटक तेवढं गेलं. हे फार मोठं काम आहे असं मला वाटतं. तरी पूर्ण खरं सांगायचं तर रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढले की गोऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट पटकन बघून होत, आमचे जरा सावकाश.

प्राग, आम्सटरडॅम, पॅरिस, रोम सगळं झालं. विद्यार्थी ज्या तऱ्हेनं फिरतात तसंच. रात्रीची बस म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो, पाठीवर पिशवी, पिशवीत थालीपिठाची भाजणी. त्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण त्याहून जास्त माझ्या लक्षात राहिल्या आहेत त्या जमिनीतल्या चार-चार इंची पितळी फरश्या.

कोलोन शहरात चालताना पहिल्यांदा पायाखाली आल्या. दहा सेंटिमीटरचा चौकोन, फुटपाथच्या दगडांत बसवलेला. त्यावर लिहिलेलं असतं, इथं अमुक राहत होता, जन्म या साली, कुठं नेलं, कुठं मारलं. नाझींनी मारलेल्यांची ही स्मारकं, त्यांच्या राहत्या घराच्या दारात. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकारानं हे काम १९९० च्या दशकात सुरू केलं. एका फरशीवर एकच माणूस. घरात पाच होते तर पाच फरश्या. एका ठिकाणी मी वाकून वाचत होते तर एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, शाळेतली मुलं येऊन ह्या घासतात, म्हणून चकाकतात.

तेव्हा मला आपल्या वेशीवरची पाटी आठवली. मारुतीच्या देवळाच्या भिंतीतली संगमरवरी पाटी, जिला आपण सगळ्यांनी सायकली टेकवल्या. इंग्रजीत आहे. या गावातून ४३ पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांतले पाच मेले, एवढंच तिच्यावर आहे. अशा पाट्या सातारा जिल्ह्यात, कोकणात पुष्कळ गावांत आहेत. पण कोलोनमध्ये उभं राहिल्यावर तिच्यात काय नाही, ते दिसलं. नाव नाही. एकाचंही नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्य फ्रान्समध्ये लढलं, हे ठाऊक होतं. उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल या गावी त्यांचं स्मारक आहे. आखेनहून ब्रसेल्स, ब्रसेल्सहून लील, तिथून छोट्या गाडीनं ला बासे, आणि पुढे चालत. सपाट शेतं, बटाटा आणि बीट, मधूनच पाऊस. चौकात एक गोल भिंत, पंधरा मीटरच्या आसपास उंच खांब, त्यावर कमळ, आणि बाजूला दोन दगडी वाघ. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं, पलटणीवार. मार्च १९१५ मध्ये तिथं मोठी लढाई झाली. गढवालच्या गबरसिंग नेगींचं नाव आहे, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्या दिवशी तिथं मी आणि एक गवत कापणारा माणूस, दोघंच होतो.

मी दोन तास भिंत वाचली. मला आपल्याकडची आडनावं हवी होती. गढवाली, गुरखे, शीख, पठाण, डोगरे, पानंच्या पानं. आपल्या मराठा पलटणी सापडेनात. परत आल्यावर वाचलं तेव्हा उलगडा झाला. आपल्या पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूत या गावी सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली होती, त्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला त्यांना शरणागती पत्करावी लागली. तिकडच्या मृतांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीनुसार फक्त संख्या. या भेदभावाबद्दल युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणजे फ्रान्समध्ये मेलेल्याचं नाव भिंतीवर आहे, इराकमध्ये मेलेल्याचा आकडा, आणि आपल्या वेशीवरही आकडाच.

पण नावं कागदावर आहेत. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात, आणि बऱ्याच शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. इंग्रज कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलेलं, त्यामुळे आपल्या गावाचं नाव पाच तऱ्हांनी शोधावं लागतं. आखेनमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात, प्रबंध लिहून कंटाळा आला की मी हे करायचे. पाचांपैकी दोघं मला सापडले आहेत. दोघांच्याही नोंदीत आपलं गाव आणि तालुका आहे. दोन्ही आडनावं आजही गावात आहेत, आणि त्यातलं एक या सभागृहातही आहे. त्यांच्या घरी मी कालच जाऊन आले. आजींनी सांगितलं, सासऱ्यांचे एक चुलते 'बसऱ्याला' गेले होते, परत आले नाहीत, आणि घरात कुणाला लांबच्या गावी पाठवायचं म्हटलं की अजून म्हणतात, "बसऱ्याला चाललास काय?" ही म्हण कुठून आली ते त्यांच्या नातवाला माहीत नव्हतं.

अजून तिघं राहिले आहेत. मुख्याध्यापक सरांशी बोलले आहे. नववीच्या मुलांनी इतिहासाचा प्रकल्प म्हणून हे काम घ्यायला त्यांची हरकत नाही. मी तिकडून महिन्यातून एकदा मुलांशी फोनवर बोलेन. पाचही नावं मिळाली, तर जुन्या पाटीला हात न लावता तिच्याखाली मराठीत दुसरी पाटी बसवायची, त्याचा खर्च २०११ च्या बॅचनं उचलला आहे.

त्यासाठी तुमची मदत हवी. त्या युद्धाची पदकं मिळाली होती, त्यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीची बरीचशी मोडली गेली असतील. पण कुणाच्या देव्हाऱ्यात, ट्रंकेत, मुलांच्या खेळण्यात एखादं राहिलं असेल, जुना पेन्शनचा कागद असेल, तर जेवणं झाल्यावर मी देवळापाशी थांबते आहे. भिंगही आणलं आहे. आणि जर्मनीचे प्रश्न उरले असतील त्यांनीही तिथंच या.